ट्रकच्या स्लीपर केबिनचा एसी जनरेटरवर चालवायचा तर: किती टन, किती वॅट आणि धूर कुठे जाणार

प्रश्न थोडक्यात असा: जुना १२ चाकी ट्रक, मागे झोपायला बर्थ असलेली केबिन, २४ व्होल्टची वायरिंग. एप्रिल-मेमध्ये नागपूर, चंद्रपूर, वणी पट्ट्यात कोळसा आणि सिमेंटच्या फेऱ्या. रात्री केबिनचा पत्रा तापलेला, ड्रायव्हरची झोप होत नाही. घरात पडून असलेला दीड टनाचा जुना विंडो एसी आणि बाजारातला ३ केव्हीएचा पेट्रोल जनरेटर गाडीवर चढवला तर काम होईल का?

ही जोडी बसवू नका. जनरेटरवर केबिनचा एसी चालतो यात शंका नाही, पण दीड टनाचा नाही आणि तो जनरेटरही नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे केबिनमध्ये माणूस झोपलेला असताना जनरेटर चालू असणं हीच या योजनेतली सगळ्यात धोक्याची गोष्ट आहे. म्हणून रचनाच अशी करायची की जनरेटर चालेल तो माणसं जागी असताना, आणि झोपेच्या वेळी एसी चालेल बॅटरीवर. हे कसं जमवायचं ते खाली येतंच. बॅटरीचा खर्च आत्ता झेपणार नसेल तर जनरेटरवर थेट एसी लावण्याची पद्धतही दिली आहे. मात्र ती वापरायची तर त्यातली एकही अट गाळू नका.

१ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या एन-२ आणि एन-३ वर्गातल्या, म्हणजे साडेतीन टनांवरच्या मालवाहू गाड्यांना केबिनमध्ये कंपनीचा एसी सक्तीचा झाला आहे. चालत्या गाडीत त्याचा फायदा मोठा आहे. पण त्याचा कॉम्प्रेसर इंजिनच्या पट्ट्यावर फिरतो, त्यामुळे रात्री उभ्या गाडीत तो हवा असेल तर इंजिन आयडलला, म्हणजे गाडी उभी ठेवून नुसतं चालू, ठेवावं लागतं. मोठं इंजिन आयडलला तासाला दीड-दोन लिटर डिझेल पितं. आठ तासांचे १२ ते १६ लिटर झाले. बीएस-६ गाडीत रात्रभरच्या आयडलिंगने डीपीएफमध्ये, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरमध्ये, काजळी साठते, मग रीजनरेशनचा, म्हणजे ती काजळी जाळून टाकण्याचा, दिवा लागतो आणि ते करायला पुन्हा वेळ आणि डिझेल. म्हणजे नवीन गाडी घेतली तरी रात्रीच्या झोपेचा प्रश्न उरतोच.

आता उष्णतेचा हिशेब. स्लीपर केबिनची आतली जागा साधारण ६ घनमीटर. घरातल्या १० बाय १० च्या खोलीच्या पाचव्या हिश्श्याएवढी. पण भिंती एका पत्र्याच्या, समोर भलीमोठी काच, खाली इंजिन. गाडी थांबल्यावर इंजिन आणि गिअरबॉक्स तास-दोन तास टनेलवाटे (केबिनच्या तळातला, इंजिनवरचा फुगवटा) आत उष्णता सोडत राहतात. दुपारी उन्हात अशी केबिन ३ किलोवॅट किंवा त्याहून जास्त उष्णता आत घेते. रात्री, इंजिन निवल्यावर आणि थोडी डागडुजी केलेली असल्यास, दीड किलोवॅटच्या आसपास. एक टन म्हणजे साडेतीन किलोवॅट. म्हणजे रात्रीसाठी अर्धा टनही पुरतो आणि पाऊण टनात संध्याकाळची तापलेली केबिनही अर्ध्या तासात खाली येते. दीड टन लावला तर तो पाच मिनिटांत हवा गार करून बंद पडतो, पुन्हा चालू होतो, पुन्हा बंद. उरणसारख्या किनारपट्टीवर असा एसी हवेतला दमटपणा काढत नाही; केबिन गार पण चिकट राहते, गादी ओलसर होते.

डागडुजी म्हणजे काय, तर ही कामं एसी विकत घेण्याच्या आधी करायची:

छताचं आणि मागच्या भिंतीचं अस्तर काढून आतून १३ ते १९ मिमीचा नायट्राइल रबर फोम, फॉइल लावलेला, पत्र्याला घट्ट चिकटवा. हवेची पोकळी ठेवली की पावसाळ्यात आत पाणी धरतं आणि पत्रा गंजतो. इंजिन टनेलवर जाड फेल्ट किंवा कंपनीचीच इन्सुलेशन मॅट घाला. समोरच्या काचेला चंदेरी पडदा बाहेरून लावा. आतून लावलेला पडदा तेवढं काम करत नाही, कारण ऊन काचेतून आत आलेलंच असतं. बर्थ आणि सीट यांच्यामध्ये जाड पडदा टाकला की थंड करायची जागा निम्मी होते. शेवटचं आणि सगळ्यात दुर्लक्षित काम म्हणजे गिअर लिव्हरचं फाटलेलं रबर बूट, पेडलच्या दांड्यांची भोकं आणि वायरिंगचे ग्रोमेट. यांतून उष्णता येते तशीच खालून एक्झॉस्टची हवाही येते. दोन्ही कारणांनी ती बुजवायची.

विदर्भासाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. एप्रिल-मेमध्ये तिथली हवा इतकी कोरडी असते की २४ व्होल्टवर चालणारा छोटा कूलर १०० वॅटच्या आत मोठं काम करतो. बाहेर ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असताना चांगली ओली पॅड असलेला कूलर २८ अंशांच्या आसपास हवा देतो, रात्री त्याहूनही गार. ट्रकची बॅटरी हे ओझं सहज झेलते. गाडी बारा महिने फक्त त्याच पट्ट्यात फिरत असेल तर एसीवर पैसा घालण्याआधी एक उन्हाळा कूलर वापरून बघावा असं माझं स्पष्ट मत आहे. जूनमध्ये पाऊस लागला की मात्र त्याचा उपयोग संपतो, आणि न्हावा-शेवा किंवा गोव्याकडे तर तो मे महिन्यातही निरुपयोगी.

एसीच घ्यायचा तर दोन जाती आहेत. पहिला २४ व्होल्ट डीसीवर चालणारा पार्किंग एसी. छतावरच्या हॅचमध्ये बसणारा किंवा केबिनच्या पाठीला आउटडोअर लावायचा. सुरुवातीला ६०० ते ९०० वॅट, म्हणजे २५ ते ३८ अँपिअर ओढतो. केबिन गार झाल्यावर रात्रीची सरासरी ३५० ते ४५० वॅटवर येते. दुसरा घरगुती, २३० व्होल्टचा पाऊण टनाचा इन्व्हर्टर एसी. वॅट जवळपास तेवढेच, किंमत कमी, दुरुस्तीला मिस्त्री गावोगाव मिळतो. पण तो भिंतीवर शांत बसण्यासाठी बनलेला आहे, हादऱ्यांसाठी नाही. तांब्याच्या नळ्यांचे फ्लेअर नट खड्ड्यांच्या रस्त्यावर काही महिन्यांत सैल होतात किंवा नळीची कड चिरते, आणि गॅस जातो. जोड शक्य तिथे ब्रेझिंगचे करून घ्या, नळीला आउटडोअरजवळ एक गोल वेटोळं ठेवा आणि दर ३०० मिमीवर रबर क्लॅम्प लावा.

गॅस कोणता आहे तेही बघून घ्या. भारतात आर-२९० म्हणजे प्रोपेन भरलेले घरगुती एसीही विकले जातात. घरात ते ठीक आहेत. केबिनमध्ये गणित बिघडतं: ३०० ग्रॅम प्रोपेन ६ घनमीटरमध्ये गळला तर घनमीटरला ५० ग्रॅम होतो आणि प्रोपेन ३८ ग्रॅमलाच पेट घेण्याजोगा होतो. एका विडीने स्फोट होईल. म्हणून केबिनमध्ये आर-२९० चा एसी कधीच नको. आर-३२ या दुसऱ्या गॅसची ही मर्यादा घनमीटरला ३०० ग्रॅमच्या वर आहे, तरी त्याचेही जोड केबिनच्या बाहेरच्या बाजूला ठेवावेत.

पडून असलेला विंडो एसी मागच्या भिंतीला भोक पाडून बसवण्याचा मोह होतो. तिथे दोन अडचणी येतात. केबिन आणि माल भरायची बॉडी यांच्यात जेमतेम वीतभर जागा असते. कंडेन्सरची गरम हवा बॉडीवर आपटून परत त्याच कंडेन्सरमध्ये जाते, प्रेशर वाढतं आणि कॉम्प्रेसर ओव्हरलोडवर ट्रिप होतो. दुसरी अडचण इंजिनच्या कामाच्या दिवशी कळते. केबिन पुढे कलवली की ४०-५० किलोचा एसी तिरका लोंबतो, त्याची चौकट मागचा पत्रा फाडते आणि कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांत उतरतं. कोणताही एसी केबिनवर असेल तर केबिन सरळ केल्यावर किमान अर्धा तास तो चालू करू नये. इनडोअर आणि आउटडोअर दोन्ही केबिनवरच लावा, म्हणजे कलवताना गॅसची नळी वाकत नाही. चेसीसकडून येणारी वायर तेवढी सुटी करता आली पाहिजे. त्यासाठी १६ अँपिअरचा निळा, पाणी न जाणारा इंडस्ट्रियल प्लग-सॉकेट केबिनच्या मागे खाली बसवा.

आता जनरेटर. तुमच्या जुन्या दीड टनी एसीचा कॉम्प्रेसर एका ठरावीक वेगाचा आहे. चालताना तो १५०० ते १७०० वॅट घेतो, पण सुरू होताना क्षणभर चार ते सहा पट करंट ओढतो, म्हणजे ३५ ते ४५ अँपिअर. ३ केव्हीएचा साधा जनरेटर सलग देतो १०-११ अँपिअर. अशा वेळी इंजिन दबतं, व्होल्टेज १६०-१७० वर येतं, कॉम्प्रेसर घोंघावतो पण फिरत नाही, ओव्हरलोडचा स्विच त्याची लाइन तोडतो, तीन मिनिटांनी पुन्हा तोच प्रयत्न. आठवडाभर असं झालं की आधी कपॅसिटर जातो, मग वाइंडिंग. लोक इथे स्टॅबिलायझर लावतात. त्याने आणखी बिघडतं, कारण स्टॅबिलायझर व्होल्टेज वर ओढताना जनरेटरकडून उलट जास्त करंट मागतो.

इन्व्हर्टर एसीचा कॉम्प्रेसर हळूहळू वेग घेतो, त्याला हा झटका नसतो. त्यासोबत २ केव्हीए वर्गातला इन्व्हर्टर जनरेटर पुरतो. या वर्गातलं चांगलं यंत्र सलग १६०० ते १८०० वॅट देतं, वजन २० किलोच्या थोडं वर, टाकी साडेतीन लिटरच्या आसपास. पूर्ण लोडवर ती टाकी तीन-सव्वातीन तास जाते, पाव लोडवर आठ तास. इको थ्रॉटल (लोड कमी तसा इंजिनचा वेग कमी करणारी सोय) चालू असेल तर आवाजही पाव लोडवर बराच खाली येतो. साधा ३००० आरपीएमचा जनरेटर लोड असो-नसो तेवढ्याच वेगाने ओरडतो, त्याची फ्रीक्वेन्सी लोडनुसार हलते आणि इन्व्हर्टर एसीचं पीसीबी कार्ड त्याने उडू शकतं.

क्षमतेतून उंचीची आणि उष्णतेची वजावट करा: दर ३०० मीटर उंचीला साधारण साडेतीन टक्के, आणि २५ अंशांच्या वर दर पाच-साडेपाच अंशांना एक टक्का. नागपूरला ३१० मीटर आणि ४५ अंश धरले तर १८०० वॅटचे १६७० उरतात. पाऊण टनाला हे भरपूर. तीच गाडी लेहकडे गेली तर ३५०० मीटरवर तिसऱ्या हिश्श्याहून जास्त ताकद जाते आणि कार्ब्युरेटरला वेगळा जेट लागतो.

डिझेल जनरेटर घेतला तर ट्रकच्याच टाकीतलं इंधन वापरता येतं हे खरं. पण एअर-कूल्ड लहान डिझेल जनरेटर पेट्रोलवाल्याच्या तिप्पट-चौपट वजनाचा असतो, हादरे जास्त, आवाज जास्त, आणि ४५० वॅटच्या लोडवर तो इतका हलका चालतो की सायलेन्सरमध्ये कच्चं डिझेल आणि काजळी धरते. अमेरिकेत लांब पल्ल्याच्या ट्रकवर डिझेलचं छोटं दोन सिलिंडरचं इंजिन चेसीसला लावतात, ते पाण्याने थंड होणारं, एसी-हीटर-चार्जिंग मिळून बनवलेलं वेगळं यंत्र असतं. कॅलिफोर्नियाने २००८ पासून स्लीपर ट्रकनाही पाच मिनिटांपेक्षा जास्त आयडलिंगची बंदी केल्यावर तिथे त्यांचा प्रसार वाढला. आपल्याकडचा दुकानातला डिझेल जनरेटर म्हणजे ते नव्हे.

आता धूर. पेट्रोल जनरेटरच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. जागा माणूस डोकं दुखतंय, मळमळतंय म्हणून बाहेर तरी येतो. झोपलेल्याला तेवढीही सूचना मिळत नाही. घरासाठी जनरेटर किमान ६ मीटर लांब ठेवायला सांगतात. ट्रकच्या चेसीसवर ६ मीटर मिळायचे तर तो मागच्या चाकांच्याही मागे न्यावा लागतो, आणि वारा फिरला की तेही पुरत नाही.

आणखी एक गोष्ट, जिचा विचार बहुतेक जण करतच नाहीत: ढाब्यावर गाड्या हातभर अंतराने लागतात. तुमच्या केबिनच्या काचा एसीमुळे बंद आहेत. शेजारच्या गाडीतल्या ड्रायव्हरच्या काचा उघड्या आहेत. तुमचा धूर त्याच्या बर्थवर जातो. कडेला दुसरी गाडी लागली असेल तर जनरेटर लावायचाच नाही, यात तडजोड नको.

केबिनमध्ये कार्बन मोनॉक्साइड अलार्म हवाच. धुराचा अलार्म वेगळा, तो याला चालत नाही. ईएन ५०२९१ या युरोपीय मानकाचा घ्या: तो ५० पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत ५० भाग) तासा-दीड तासात, १०० ला १० ते ४० मिनिटांत आणि ३०० ला तीन मिनिटांच्या आत वाजतो. बर्थवर झोपलेल्याच्या डोक्याच्या पातळीला लावा, एसीच्या झोतात नको. सेन्सरचं आयुष्य संपण्याची तारीख मागे छापलेली असते. ती उलटली की बटण दाबल्यावर आवाज येतो, पण सेन्सर मेलेला असतो. अलार्म वाजला तर आधी दार उघडून बाहेर, सोबतच्याला ओढून बाहेर, मग जनरेटर बंद. आत बसून कारण शोधायचं नाही.

केबिन पूर्ण हवाबंद करणंही चूक आहे. दोन झोपलेली माणसं मिळून तासाला ३० लिटरच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सोडतात. आठ तासांत २४०. सहा हजार लिटरच्या केबिनमधून काहीच बाहेर गेलं नाही तर सकाळी ४ टक्के. प्रत्यक्षात फटींतून गळती होते म्हणून तेवढं होत नाही, पण जड डोक्याने उठायला त्याच्या निम्मंही पुरे. धुराच्या विरुद्ध बाजूची काच दोन बोटं खाली ठेवा.

हे सगळं लक्षात घेतलं की दिवसा जनरेटर आणि रात्री बॅटरी ही रचना का चांगली ते आपोआप दिसतं. आकडे असे: २५.६ व्होल्ट, २०० अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी म्हणजे ५.१ युनिट. पार्किंग एसी आठ तासांत खातो ३ ते साडेतीन युनिट. गाडी रोज चालत असेल तर ४० अँपिअरचा २४ व्होल्ट डीसी-टू-डीसी चार्जर हे सव्वातीन तासांच्या ड्रायव्हिंगमध्ये भरून काढतो, जनरेटर लागतच नाही. अल्टरनेटरला त्यासाठी जास्तीचं डिझेल लागतं ते दोन लिटरच्या आत-बाहेर. लिथियम थेट अल्टरनेटरला जोडू नका. ती जेवढा मिळेल तेवढा करंट ओढते, आणि अल्टरनेटर आयडलला, पंखा मंद असताना, जळतो. ट्रकच्या स्टार्टिंगच्या बॅटऱ्यांवरही एसी चालवू नका: १५० अँपिअर-अवरची जोडी निम्मी वापरली तर जेमतेम चार तास, आणि पहाटे सेल्फ फिरत नाही. वारंवार खोल उतरवल्या की त्या सहा महिन्यांतच जातात.

गाडी कोळसा खाणीच्या किंवा बंदराच्या रांगेत दोन-दोन दिवस उभी असते तेव्हा जनरेटरचं काम येतं. तेव्हा २ केव्हीएचा जनरेटर खाली उतरवून, मोकळ्या जागी, दोर लावून गाडीपासून लांब ठेवा आणि त्यावर ४० अँपिअरचा २४ व्होल्ट लिथियम चार्जर चालवा. चार्जर घेतो साधारण १२५० वॅट, जनरेटरला हा आवडता लोड. संध्याकाळी तीन-सव्वातीन तासांत बॅटरी भरते, पेट्रोल जातं पावणेतीन लिटरच्या आसपास. तोच जनरेटर रात्रभर थेट एसीला लावला तर साडेतीन लिटर. म्हणजे पेट्रोलही कमी, आणि दहानंतर सगळं शांत. चार्जर ‘लेड-ॲसिड’ खुणेवर ठेवू नका. त्यातल्या इक्वलायझिंगच्या टप्प्यात व्होल्टेज वर जातं आणि बीएमएस, म्हणजे बॅटरीतलं संरक्षक सर्किट, बॅटरीची लाइन तोडतं. बहुतेक लिथियम बॅटऱ्यांची चार्जिंगची वरची मर्यादा ४५ ते ५५ अंश असते, तेव्हा ती सायलेन्सरच्या बाजूला किंवा उन्हाच्या पत्र्याला टेकवून बसवू नका. पॉझिटिव्हवर बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत ६० अँपिअरचा फ्यूज, एसीपर्यंत १६ चौरस मिमीची तांब्याची वायर. एसीचं लो-व्होल्टेज कटऑफ २४ ला ठेवा. २२ ला ठेवलंत तर लिथियम जवळपास रिकामी झालेली असते.

बॅटरी नाही आणि जनरेटरवर थेटच चालवायचा असेल तर बसवणी अशी. मागच्या ओव्हरहँगवर (मागच्या चाकांच्या मागे निघालेल्या चेसीसवर), चेसीसच्या डाव्या अंगाला, ४० बाय ४० बाय ५ च्या अँगलची फ्रेम यू-बोल्टने धरा. चेसीसच्या फ्लँजला भोक पाडायचं नाही, वेल्डिंग तर नाहीच. तिथूनच तडा सुरू होतो. गाडीवर कुठेही वेल्डिंग करायचं असेल तर बॅटरी आणि ईसीएमचे (इंजिनच्या कॉम्प्युटरचे) कनेक्टर आधी काढून ठेवा. जनरेटर चार रबर माउंटिंगवर, आणि बॉडीच्या कडेबाहेर काहीही येऊ देऊ नका. पेटीला हवा आत यायला आणि बाहेर जायला वेगवेगळ्या जाळ्या, प्रत्येक जाळी जनरेटरच्या स्वतःच्या जाळीहून मोठी, मध्ये पत्र्याचा पडदा. हा पडदा नसला की बाहेर टाकलेली गरम हवा पुन्हा आत खेचली जाते आणि अर्ध्या तासात यंत्र तापून बंद पडतं. धुराचा पाइप मागच्या बंपरच्या पलीकडे, खाली तोंड करून. मूळ सायलेन्सरपेक्षा बारीक पाइप लावला तर इंजिन गुदमरतं. गाडी तिरकी उभी असेल तर ऑइल अलर्ट (ऑइल कमी दिसलं की इंजिन थांबवणारा सेन्सर) यंत्र बंद करतो, तो बिघाड नाही. गाडी चालताना जनरेटर बंद, पेट्रोलचा कॉक बंद, झाकणाचा हवेचा व्हेंट बंद. जवळ पण पेटीच्या बाहेर २ किलोचा एबीसी पावडरचा अग्निशामक.

रात्री अकराला टाकी पूर्ण भरूनच सुरू करा आणि एसी २७ वर ठेवा, म्हणजे साडेतीन लिटर सकाळपर्यंत पुरतं. दिवसभर तापलेल्या केबिनवर २० अंश लावून आठ वाजता सुरू केलं की पहाटे दोन-तीनला टाकी संपते, आणि झोपेतला माणूस अंधारात, तापलेल्या सायलेन्सरवर पेट्रोल ओततो. आगी अशाच लागतात. भरायचंच तर पंधरा मिनिटं थांबून.

वायरिंगमध्ये ३ कोर २.५ चौरस मिमी लवचीक तांब्याची केबल, नळीत घालून, एअर ब्रेकच्या नायलॉन पाइपांना न बांधता. केबिनमध्ये १० अँपिअरची सी-कर्व्ह एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळताना दिसला की लाइन तोडणारा स्विच). इथे एक बारकावा आहे जो इलेक्ट्रिशियनही चुकवतात. छोट्या जनरेटरचा न्यूट्रल कशालाच जोडलेला नसतो. त्यामुळे फेज पत्र्याला लागला तरी करंट परत जायला वाट नाही, आरसीसीबीला फरक दिसत नाही, ती पडत नाही. ‘टेस्ट’ बटण दाबून बघितलं तर ती पडते आणि सगळं ठीक वाटतं. पण ते बटण आतल्या आतच फेज आणि न्यूट्रलमध्ये रेझिस्टर जोडतं, त्याला अर्थिंग लागत नाही, म्हणून ती चाचणी इथे काहीच सिद्ध करत नाही. उपाय: जनरेटरची बॉडी आणि अर्थ ट्रकच्या चेसीसला ६ चौरस मिमी वायरने जोडा, आणि पुस्तिका परवानगी देत असेल तर न्यूट्रल आणि अर्थ यांचा एकच जोड जनरेटरकडच्या प्लगच्या आत करा. त्या प्लगमध्येच, कारण उद्या ढाब्यावरच्या लाइटवर एसी लावलात तर हा जोड सर्किटमध्ये नको असतो. तिथला न्यूट्रल आधीच अर्थ केलेला असतो आणि दोन ठिकाणी जोड झाला की आरसीसीबी उगाच पडत राहते. बसवल्यावर फेज आणि चेसीस यांच्यात १५ वॅटचा दिवा धरून बघा: आरसीसीबी लगेच पडली पाहिजे.

पेट्रोल बाळगण्याबद्दल कायदा स्पष्ट आहे: विक्रीसाठी नसलेलं ३० लिटरपर्यंत पेट्रोल परवान्याशिवाय ठेवता येतं, पण घट्ट बुचाच्या धातूच्या डब्यात, आणि एक डबा २५ लिटरपेक्षा मोठा नको. प्लॅस्टिकचा कॅन यात बसत नाही, म्हणूनच बरेच पंपवाले सुटं पेट्रोल नाकारतात. पाच लिटरचा धातूचा जेरी कॅन पुरे, आणि तो केबिनमध्ये नाही, चेसीसवरच्या कडीत. गाडीत ज्वालाग्राही माल असेल किंवा ऑइल डेपो, रिफायनरी, गॅस प्लांटच्या पार्किंगमध्ये उभी असेल तर जनरेटर लावायचाच नाही.

देखभाल थोडी आहे पण चुकवायची नाही. पहिलं ऑइल २० तासांनी, नंतर दर १०० तासांनी. लागतं अर्ध्या लिटरच्या आत. खाणीच्या धुळीत एअर फिल्टर पुस्तिकेतल्या ५० तासांची वाट न बघता दर आठवड्याला धुवा. आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. ते हवेतलं पाणी ओढतं आणि कार्ब्युरेटरमध्ये राहिलं तर पांढरट पावडर आणि चिकट थर धरतो. म्हणून रोज बंद करताना कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालू द्या. जून लागल्यावर जनरेटर महिनाभराहून जास्त ठेवून द्यायचा असेल तर टाकी रिकामी करा, कार्ब्युरेटरच्या वाटीचा ड्रेन स्क्रू उघडून उरलेलं पेट्रोल काढा, प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल घालून दोरी दोनदा हळू ओढा, आणि यंत्र गाडीवरून उतरवून कोरड्या जागी ठेवा. चेसीसवर राहिलं तर चाकांचा पावसाळी चिखल जाळीतून आत जातो आणि पुढच्या मार्चमध्ये अल्टरनेटरचं वाइंडिंग ओलं निघतं.